हातगाड्यावरचं विमान

आमच्या घरात आरसा एकच होता आणि तो मायनं मुद्दाम अंधाऱ्या भिंतीला टांगला होता. उजेडाच्या भिंतीला खिळा होता, पण त्यावर बाबांचा सदरा लटकायचा. आरसा तिकडं का नाही, असं मी एकदा विचारलं, तर माय म्हणाली, "हाय तिथं बरा हाय. भांग पाडायला किती उजीड लागतो?" मायशी हुज्जत घालायची हिंमत गिरणीच्या मुकादमालाही नव्हती, तिथं माझी काय कथा. पण कारण मला कळत होतं. मी काळी होते. सावळी नव्हे, गव्हाळ नव्हे, काळी. आमच्याकडे जिचं लग्न जमेल ती सावळी, आणि जिच्यासाठी बापाला चार उंबरे जास्त झिजवावे लागतील ती काळी. तेव्हा मी सतरा-अठराची होते आणि बाबांच्या चपला झिजायला सुरुवात झाली होती.

आता मी लातूरला राहते. खालच्या रस्त्यावर सकाळपासून शिकवण्यांना जाणाऱ्या पोरींचे थवे असतात, पाठीवर दप्तर आणि तोंडाला स्कार्फ. तो स्कार्फ धुळीसाठी असतो असं त्या सांगतात. उन्हानं काळं पडू नये म्हणून असतो, हे मला ठाऊक आहे. माझी नात म्हणते, "आजी, आता कुणी रंग बघत नाही." मी तिला म्हणते, बाई, तुझ्या टेबलावरच्या ट्यूबा एकदा मोजून ये, मग बोल. ती हसते आणि विषय बदलते.

आमची वस्ती नांदेडला गिरणीच्या भिंतीला लागून होती. कापडाची गिरणी, तीन पाळ्या, आणि पाळी बदलताना होणारा भोंगा. त्या भोंग्यावर आमच्या वस्तीतली दूधपिती लेकरंसुद्धा उठायची आणि झोपायची. बाबा सूतखात्यात होते. पाळीवरून घरी आले की त्यांच्या भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर बारीक कापूस बसलेला असायचा, तो माय पदरानं झटकायची. बाबा बोलायचे फार कमी. मशीनच्या आवाजात दिवस काढलेल्या माणसाला घरची शांतता मोडवत नसावी. माय मात्र दोघांचं मिळून एकटीच बोलायची. कापसाच्या हंगामात ती बायांच्या टोळीबरोबर ट्रकमधून लोह्याकडच्या शिवारात वेचणीला जायची आणि हंगाम सरला की जिनिंगमध्ये कापसातला कचरा निवडायला. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, ती नखाच्या कडेला शिरतात. मायच्या बोटांना कायम चिरा पडलेल्या असत. त्या बोटांनी भाकर थापताना पिठातलं पाणी चिरांत जाऊन झोंबायचं, तेव्हा ती शिवी द्यायची, कापसाला की नशिबाला ते कधी कळलं नाही. पण त्या भाकरीला जी चव होती, तिच्याबरोबर अंबाडीची भाजी आणि वर लसणाचं तेल, ती पुढं आयुष्यात कोणत्याच ताटात मिळाली नाही.

याच बोटांनी माय मला उटणं लावायची. डाळीचं पीठ, हळद आणि दुधाची साय. आमच्या घरी चहा बिनदुधाचा व्हायचा आणि माझ्या तोंडाला साय लागायची. पावशेर दूध त्यासाठीच यायचं. माय माझं तोंड घासायची ते जळकं पातेलं घासावं तसं, आणि मग ओल्या फडक्यानं पुसून मला दाराच्या उजेडात नेऊन बघायची. काही फरक पडलेला नसायचा. "पडंल, पडंल फरक," ती म्हणायची, "एका दिसात काय व्हतंय?" तिचा राग माझ्यावर नव्हता हे मला तेव्हाही कळायचं. पण कळलं म्हणून दुखायचं कमी होत नाही.

शेजारच्याच खोलीत काका राहायचे. त्यांची पुष्पा माझ्याच वयाची आणि गोरीपान. काकूचं माहेर किनवटकडचं, ती स्वतः माझ्याइतकीच काळी, मग ही पोर अशी कुठून आली यावर वस्तीत पुष्कळ चर्चा झालेली होती. पुष्पाला त्याचं काही नव्हतं. ती खाऊन-पिऊन सुखी, झोपाळू आणि मनानं सरळ पोरगी. पण जयंती आली की तिची झोप उडायची, कारण आमच्या वस्तीच्या देखाव्यात दरवर्षी तिलाच उभं करायचे. जयंती म्हटली की आमच्याकडे एकच. एप्रिलचं ऊन, हलगीचा कडकडाट, निळे झेंडे आणि प्रत्येक वस्तीचा गाड्यावरचा देखावा. कुणाचा देखावा भारी, यावर पुढं वर्षभर गिरणीच्या गेटवर वाद चालायचे. पुष्पा एका वर्षी खिरीचं पातेलं घेऊन सुजाता झाली होती, एका वर्षी हातात पुस्तक घेऊन विद्या. काहीही व्हायचं असो, गोरी पोरगी पाहिजे, हे ठरलेलं होतं. तसं कुणी बोलून दाखवायचं नाही आणि कुणाला खटकायचंही नाही.

त्या वर्षी प्रल्हाद औरंगाबादहून शिकून आला होता. वस्तीतला पहिला एम.ए. जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला शबनम आणि बोलायला लागला की थांबणं नाही. संध्याकाळी विहारात वंदना झाली की तो सगळ्यांना बसवून घ्यायचा आणि अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या गोष्टी सांगायचा. गुलाम म्हणून जन्मलेली एक बाई स्वतः पळून सुटली आणि गप्प बसायचं सोडून पुन्हा पुन्हा जंगलातून मागं जाऊन आपल्या माणसांना सोडवून आणत राहिली. गुलामाच्याच पोटी जन्मलेला एक पोर शेतीचा मोठा शास्त्रज्ञ झाला आणि कापसानं मेलेल्या जमिनीत भुईमूग कसा लावावा हे त्यानं शेतकऱ्यांना शिकवलं. एकानं वकिली केली, एकीनं शाळा काढली. ऐकणारी माणसं गिरणीतली, हमाली करणारी. त्यांना अमेरिका म्हणजे दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी, एवढीच ठाऊक. पण गोष्ट ऐकताना विड्या विझायच्या. एकदा म्हातारे सटवाजीबुवा म्हणाले, "म्हंजी तिकडंबी गावकूस हाय म्हणा की." प्रल्हाद म्हणाला, "हाय बुवा. तिकडं ते कातडीवर बांधलेलं हाय."

आणि मग एका संध्याकाळी त्यानं विमान चालवणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. अमेरिकेतली काळी पोर. तिला विमान शिकायचं होतं आणि तिच्या देशात तिला शिकवायला कुणी तयार नव्हतं, एक तर काळी आणि त्यात बाईमाणूस. मग ती फ्रान्सची भाषा शिकली, समुद्र ओलांडून गेली, तिथं विमान शिकली आणि परत येऊन आपल्याच देशातल्या लोकांना तिनं आभाळात कसरती करून दाखवल्या. एका गावात तिचा खेळ ठरला. गोऱ्यांना एक दरवाजा, काळ्यांना दुसरा. ती म्हणाली, माझी माणसं वेगळ्या दरवाजातून येणार असतील तर मी उडणार नाही. शेवटी दरवाजा एक करावा लागला. प्रल्हादनं हे सांगितलं आणि मागं बसलेल्या बाया रडायलाच लागल्या. माय माझ्या शेजारी होती. ती रडली नाही. तिनं विचारलं, "पल्हाद, घरचं काय होतं रे तिचं? बाप काय करायचा?"

"बाप सोडून गेला मावशी. माय लोकांचे कपडे धुवायची. आन कापूस वेचायची. ही पोरबी लहानपणी कापूसच वेचायची."

"कापूस?" माय म्हणाली. "आपल्यासारखी पऱ्हाटी असती का तिकडं?"

"असतीच की."

घरी जाताना मायनं माझा हात धरला होता, तो एरवी ती गर्दीतच धरायची.

यंदा देखावा विमानाचा, हे त्याच आठवड्यात ठरलं. मला त्या दिवसांतली वस्ती अजून डोळ्यांसमोर दिसते. लाकडाच्या वखारीतला मोठा हातगाडा मागून आणला. विहाराच्या अंगणात बांबूच्या कामट्या तासायला दोन म्हातारे बसले. मैद्याची खळ शिजवायला आमची चूल लागली आणि वस्तीभर तो खळीचा आंबूस वास. बाया पतंगी कागद चिकटवत बसायच्या आणि गाणी म्हणायच्या. विमान कधी कुणी जवळून पाहिलेलं नव्हतं, म्हणून प्रल्हादच्या जवळच्या एका चित्रावरून सगळं चाललेलं. उत्साहाच्या भरात पंख एवढे लांब झाले की विमान तयार झाल्यावर लक्षात आलं, हे गल्लीतून बाहेर निघणारच नाही. आमच्या लोकांचं हे कायमचं आहे. गल्लीएवढ्या जागेत राहायचं आणि आभाळाएवढं बांधायचं. पंख कापा म्हणून दोघं-तिघं सुरी घेऊन निघाले, तेव्हा बाबा म्हणाले, "कापू नका. सोडवून वर सुतळीनं बांधा, भाईर रस्त्यावर गेल्यावर जोडू." एवढं बोलून ते पाळीवर गेले.

आत बसणारी बाई कोण, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. पुष्पा. प्रल्हादसुद्धा, जो अमेरिकेतल्या कातडीवर तासभर बोलायचा, तोही म्हणाला, "पुष्पाला सवय आहे." आणि रंगाचं काय, तर तव्याची काजळी खोबरेल तेलात कालवून लावू. मी तिथंच कागद चिकटवत होते. काळ्या बाईचं सोंग करायला गोऱ्या पोरीला काळं करून घ्यायचं ठरलं आणि हातभर अंतरावर मी बसलेली, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात आलं. इतका राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला आहे. आणि रागाच्या बुडाशी इच्छा होती. मला त्या विमानात बसायचं होतं. त्याआधी मला असं उघड काही पाहिजे झाल्याचं आठवत नाही.

बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तुह्या मायला इचार." मायला सांगितलं, तर तिच्या हातातली परात खाली पडली. कारण होतं. सोयरिकी जमवणारे बाबूमामा तेव्हा लातूरचं एक स्थळ घेऊन आले होते. मुलगा कोर्टात शिपाई, घर स्वतःचं. आधीची दोन स्थळं मला बघून चहा पिऊन गेली होती आणि परत फिरकली नव्हती. म्हणून या वेळी मायनं बाबूमामांकडून आधीच सांगून ठेवलं होतं की मुलगी निमगोरी आहे. पाहुणे जयंतीला नांदेडातल्या नातेवाइकांकडे येणार आणि दुसऱ्या दिवशी मला बघणार. संध्याकाळी, कंदिलाच्या उजेडात, असंही मायनं ठरवलं होतं.

"साऱ्या नांदेडापुढं उन्हात जाऊन बसतीस?" माय म्हणाली. "पाहुणे रस्त्यावर उभे असतील. तुला येड लागलं का?"

"दुसऱ्या दिवशी तर बघतीलच की मला."

"त्याचं तवा बघू. एकदा बैठकीत बसले, सुपारी फुटली, की माणूस जरा दबतंय."

"आन मंग लग्न झाल्यावर? जलमभर कंदिलाच्या उजेडात राहू का?"

तिनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि परातीतलं सांडलेलं पीठ गोळा करत राहिली. बाबांना मला लातूरच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला पाठवायचं होतं, त्यांच्या ओळखीचा एक कंपाउंडर तिथं होता. माय म्हणायची, अशा पोरीला आधी घर बघावं, शिक्षण काय तोंडाला लावायचं? तिच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. आमच्या वस्तीत बिनलग्नाच्या बाईचं काय होतं हे तिनं पाहिलं होतं. ती घाबरली होती, एवढं खरं. मी माघार घेतली. पंखांना कागद लावायचं काम तेवढं चालू ठेवलं.

जयंतीच्या दिवशी दुपारी विहाराच्या अंगणात पुष्पाला तयार करायला घेतलं. ऊन असं की खळीनं चिकटवलेले कागद आपोआप ताठ होत होते. बाबांनी गिरणीतून वेल्डिंगचा चष्मा आणला होता, कुणाच्या तरी जुन्या स्वेटरची टोपी केली होती. काकूनं काजळीचं तेल पुष्पाच्या कपाळापासून फासायला सुरुवात केली आणि अंगणात हसण्याची लाट उठली. पोरंटोरं "भूत, भूत" करत नाचायला लागली. एका बाईनं सांगितलं, ओठ लाल करा, चांगले जाड करा. दुसरीनं नाकात कापूस कोंबायला सांगितलं, म्हणजे नाक फुगेल. पुष्पाच्या डोळ्यांत तेल गेलं, ती रडायला लागली, आणि तिच्या गालावरून काळे ओघळ आले तसं हसणं आणखी वाढलं. प्रल्हाद चष्मा पुसत बाजूला उभा होता. त्याला कळत होतं की काहीतरी चुकलं आहे. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. जे हसत होते ते पुष्पाला हसत नव्हते. माझ्यासारखं तोंड झालं म्हणून हसत होते. मला वाटत होतं, जमीन दुभंगावी.

माय लिंबाच्या सरबताची घागर घेऊन आली ती त्याच वेळी. तिनं घागर खाली ठेवली. आधी पुष्पाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हासता कुणाला?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तरी नाचणारी पोरं जागच्या जागी थांबली. "त्या बाईनं इमान उडवलं. तिच्यासाठी दरवाजा एक करावा लागला म्हणून इथंच बसून रडल्या ना तुमी? आन आता तिच्या तोंडाला हासून राहिल्या?"

काकू म्हणाली, "अगं गया, गंमत केली."

"पूस ते पोरीचं तोंड." माय पुढं गेली आणि स्वतःच्या पदरानं पुष्पाचे डोळे पुसायला लागली. "काळं व्हायला काजळी कशाला पायजे? माह्या घरात हाय की काळी पोरगी. म्या जल्माला घातलेली. वच्छे, इकडं ये."

मी हलले नाही. इतके दिवस जे पाहिजे होतं ते समोर आलं होतं आणि मी भिंतीला आणखीच चिकटले. चारचौघांत, स्वतःच्या मायच्या तोंडून, एवढ्या मोठ्यानं "काळी" हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. घरात तो शब्द कुणी उच्चारायचा नाही असा मायचाच नेम होता. मला लाज वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. तेवढ्यात बाबूमामा घाईघाईनं पुढं आले आणि मायच्या कानाशी बोलले, पण शांततेत सगळ्यांनाच ऐकू गेलं. "गयाबाई, पाहुणे चौकातच उभे हायेत. म्या निमगोरी सांगून बसलोय. माही काय इज्जत ऱ्हाईल?"

"मंग आता डोळ्यानं बघू द्या," माय म्हणाली. "तुमीबी सुटले आन मीबी सुटले."

तिनंच माझ्या डोक्यावर टोपी चढवली, केस आत कोंबले, चष्मा कपाळावर बसवला. तिची बोटं माझ्या कानामागं खरबरीत लागत होती. तोंडाला काही लावायचं होतं म्हणून तिनं विहाराच्या रांजणातलं पाणी घेऊन माझा घाम पुसला, एवढंच. मग काखेत हात घालून मला हातगाड्यावर चढवलं.

गल्लीच्या तोंडाशी पंख जोडले आणि विमान रस्त्यावर आलं. पुढं हलगी, मागं झेंडे, मध्ये मी. गाडा ओढायला चौघं होते, त्यात बाबा. प्रल्हाद कर्णा घेऊन सांगत होता, "ही कापूस वेचणाऱ्या बाईची लेक! हिला शिकवायला कुणी तयार नव्हतं!" जिनिंगमधल्या बाया रस्त्याच्या कडेला होत्या, त्या धावत जवळ आल्या आणि विमानाला हात लावून पाया पडल्यासारखं करून गेल्या. त्यांना मी देखावा वाटत होते की ती बाई, देव जाणे. सुरुवातीला मी मान खाली घालून बसले होते. मग वाऱ्यानं विमानाच्या नाकावरच्या पंख्याची पाती फिरायला लागली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला मान वर करावीशी वाटली. एवढ्या उजेडात, एवढ्या माणसांनी मला त्याआधी कधी बघितलं नव्हतं. आणि खरं सांगते, त्या वेळी मला कुठंच लपावंसं वाटलं नाही.

चौकात गर्दी दाटली होती. बाबूमामांच्या शेजारी टोपी घातलेले एक गृहस्थ आणि जरीकाठाची एक बाई उभी होती. बाबूमामा जमिनीकडे बघत होते, त्यावरून मी ओळखलं. त्या बाईनं माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "रंग लई भारी मारलाय राव!" लोक हसले. बाबांनी हातगाडा थांबवला. मागून येणारे झेंडेवाले आमच्यावर आपटता आपटता राहिले. माझे बाबा, जे लग्नकार्यातसुद्धा कोपरा धरून बसायचे, मागं वळून मोठ्यानं म्हणाले, "रंग न्हाई तो. लेक हाय माही." आणि पुन्हा दांडीला हात घालून ओढायला लागले. त्यांच्या मानेवरच्या घामात बारीक कापूस चिकटलेला होता, तो मला वरून दिसत होता. मला रडू आलं, तसा मी कपाळावरचा वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ते कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले नाहीत. बाबूमामा आले, चहा घेतला आणि म्हणाले, मुलगी उघड्यावर मिरवते असं त्या लोकांचं म्हणणं पडलं. रंगाचं नाव त्यांनी काढलं नाही, म्हणजे तेच कारण असणार. माय म्हणाली, "बरं झालं." पण ते गेल्यावर ती चुलीपुढं बसून पदरात तोंड घालून रडली, ते मी बघितलं. मायनं मोठं काहीतरी केलं आणि सगळं सोपं झालं, अशी ही गोष्ट नाही. वस्तीत महिनाभर लोक कुजबुजत होते. काकूनं आमच्याशी बोलणं टाकलं, पुष्पा चोरून यायची. पण साय घालून उटणं लावणं बंद झालं आणि घरात दुधाचा चहा व्हायला लागला. एके दिवशी जेवताना माय बाबांना म्हणाली, "तो लातूरचा कंपाउंडर अजून हाय का तिथं?" बाबा घास तोंडाशी धरून तिच्याकडं बघत राहिले.

पावसाळा सरता सरता माझं जायचं ठरलं. नंतर मी त्या दवाखान्यात सारी नोकरी काढली. "गोऱ्या सिस्टरला बोलवा" म्हणणारे रोगीही भेटले आणि माझा हात धरून मेलेलेही. ते पुन्हा कधीतरी, किंवा कधीच नाही. निघायच्या आदल्या दिवशी प्रल्हाद निरोप द्यायला आला. बोलता बोलता मी त्याला म्हटलं, ती बाई म्हातारी झाल्यावर काय करायची रे? तो चाचरला. मग म्हणाला, "म्हातारी झालीच न्हाई ती. भर उमेदीत गेली. विमान आभाळात कोलांटलं, ती भाईर फेकली गेली." मला त्याचा संताप आला. एवढी गोष्ट सांगितलीस आणि शेवट लपवलास? त्यापेक्षा जास्त भीती वाटली. मायला हे कळलं तर ती मला जाऊ देणार नाही असं वाटत होतं, आणि खरं तर मलाच जावंसं वाटत नव्हतं.

नांदेडच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली होती. बाबा ट्रंक टपावर चढवत होते. मायनं भाकरी बांधलेलं फडकं माझ्या हातात दिलं आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "काय झालंय?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. "माय, ती विमानवाली बाई पडून मेली. वरून. पल्हादनं आपल्याला सांगितलंच न्हाई."

"ठाऊक हाय मला," माय म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

"तुला गाड्यावर चढवायच्या आदीच इचारलं होतं त्याला. म्हणलं, पुढं काय झालं तिचं, खरं सांग. सांगितलं त्यानं."

एवढं ठाऊक असून तिनं स्वतःच्या हातानं मला वर बसवलं होतं. "तरी चढवलंस?"

मायनं फडक्याची गाठ पुन्हा एकदा आवळली. "वर जाऊन पडली बाई ती. खालीच बसून मेलेल्या म्या लई बघितल्यात, त्यांचं कुणी नावबी घेत न्हाई." मग तिनं मला दाराकडं ढकललं. "चढ आता. खिडकीची जागा धर."